दारात दिलेली बाबागाडी: मुंबई ते म्युनिक प्रवासातलं एक प्रकरण

विमानाच्या दारात मिटून दिलेली बाबागाडी उतरताना त्याच दारात परत मिळेल, असं बहुतेक आईवडील गृहीत धरतात. पुष्कळदा मिळतेही. पण ती कुठे मिळणार हे दारात ठरत नाही. चेक-इन काउंटरवर गाडीच्या दांड्याला टॅग गुंडाळला जातो, तेव्हाच ते ठरून गेलेलं असतं. त्या वेळी आईचं सगळं लक्ष पासपोर्टांकडे आणि कंटाळून रडकुंडीला आलेल्या बाळाकडे असतं. हे प्रकरण त्या टॅगपासून सुरू होतं आणि नुकसानभरपाईच्या पत्रांपर्यंत जातं. प्रवास माझ्या वहिनीचा आणि पत्रव्यवहार माझा, कारण विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं तपासणं हे माझं रोजचं काम आहे. वहिनीला विचारूनच लिहिते आहे. विमान कंपनीचं नाव देत नाही. या धंद्याची रीतच सगळीकडे थोड्याफार फरकाने अशी आहे आणि मला बोलायचं आहे ते त्या रीतीबद्दल.

कोण, कुठून, काय घेऊन

दादा नोकरीसाठी आधीच म्युनिकला गेला होता. घर मिळालं, व्हिसा आला आणि २०२५ च्या मार्चमध्ये वहिनी दहा महिन्यांच्या भाचीला घेऊन एकटी निघाली. चिंचवडहून गाडीने मुंबई, तिथून पहाटेचं विमान आखातातल्या एका मोठ्या विमानतळापर्यंत, तिथे साडेतीन तासांचा थांबा आणि मग म्युनिक. सगळं एकाच तिकिटावर, एकाच कंपनीचं.

दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसतं. आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचं भाडं मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण १० टक्के असतं. त्याला सीट मिळत नाही, पण बहुतेक कंपन्या एक मिटणारी बाबागाडी फुकट नेऊ देतात. लक्षात घ्यायचं ते एवढंच की ही सवलत कंपनीच्या धोरणातली आहे. अपंग प्रवाशाच्या व्हीलचेअरला जसं नियमांचं संरक्षण आहे, तसं बाबागाडीला नाही. व्हीलचेअर हे चालण्याफिरण्याचं साधन म्हणून ओळखलं जातं, तर बाबागाडी सामान म्हणून. पुढचं सगळं या एका फरकातून घडलं.

गाडी भारी होती. वहिनीच्या भावाने बारशाला दिलेली, मोठ्या चाकांची, अकरा किलोंच्या आसपास. बसायची सीट सांगाड्यापासून सुटी होणारी. रस्त्यावर ती लोण्यासारखी चालते, चिंचवडच्या फुटपाथवरसुद्धा. विमानासाठी मात्र या प्रकारची गाडी सगळ्यांत अडचणीची: मिटायला दोन हात लागतात, आणि सीट काढली की एका वस्तूच्या दोन वस्तू होतात.

काउंटर

मुंबईच्या टर्मिनल दोनच्या दाराशी सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतो. सोडायला आलेल्यांचा निरोप तिथेच. आईबाबा बाहेर राहिले आणि तिथून पुढे वहिनीला दोनच हात उरले.

काउंटरवरची मुलगी चांगली होती. "मॅडम, प्रॅम विमानाच्या दारापर्यंत नेऊ शकता," असं म्हणून तिने टॅग काढला आणि सांगाड्याला लावला. वहिनीने विचारलं, "मध्ये उतरल्यावर मिळेल ना?" उत्तर आलं, "हो, मिळेल." टॅगवर ठळक अक्षरांत छापलं होतं म्युनिकचं तीन अक्षरी सांकेतिक नाव. मधल्या विमानतळाचं नाव त्याच्यावर बारीक अक्षरात होतं, फक्त मार्ग म्हणून.

सामान चढवणारा माणूस काउंटरवर काय बोलणं झालं ते ऐकत नाही. तो टॅग वाचतो, टॅगवरचा दहा आकडी क्रमांक स्कॅन करतो आणि ठळक अक्षरांत लिहिलेल्या गावाला वस्तू पाठवतो. गाडी मध्ये हवी असेल तर दारात परत देण्याची वेगळी पट्टी लावतात, ती या गाडीला नव्हती. पट्टी असती तरी शंभर टक्के खात्री नव्हती, पण निदान उतरवणाऱ्याला खूण मिळाली असती.

सांगाड्याला एक टॅग लागला. सीट वेगळी होते हे काउंटरवर कोणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून सीटला टॅगच नव्हता.

सुरक्षा तपासणी आणि विमानाचं दार

तपासणीत बाळाला गाडीतून काढावंच लागतं. गाडी मशीनमधून जाते, मोठी असली तर हाताने तपासतात, दांड्यावरून कापडाची पट्टी फिरवून स्फोटकांची चाचणी घेतात. वहिनी भाचीला कडेवर घेऊन पडद्याआड महिला जवानाकडे गेली, परत आली तर गाडीचे सगळे खिसे रिकामे करून ट्रेमध्ये मांडलेले. बाळाचं उकळलेलं पाणी आणि पेज यांना अडवलं नाही. १०० मिलिलिटरच्या मर्यादेतून बाळाच्या प्रवासापुरत्या अन्नाला सूट असते.

इथे एका वस्तूबद्दल थांबून सांगायलाच हवं. आपल्याकडे उन्हाळ्यात बाबागाडीच्या दांड्याला चार्जिंगचा छोटा पंखा लावायची पद्धत पडली आहे. त्यात लिथियम बॅटरी असते. गाडीच्या पिशवीत पॉवर बँकही असते. पॉवर बँक विमानाच्या पोटात जाऊच द्यायची नसते, ती केबिनमध्येच न्यायची असते, कारण बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये माणसं लगेच धावतात, खाली सामानात कोणी नसतं. दारात घाईघाईने गाडी देताना ही वस्तू खिशात राहून जाणं अगदी सहज घडतं. वहिनीने पंखा आणि पॉवर बँक आधीच खांद्याच्या पिशवीत टाकली होती. हे तिने फार चांगलं केलं.

मग विमानाचं दार. मागे रांग, कडेवर नऊ किलोंचं झोपलेलं बाळ, आणि कर्मचारी म्हणतोय, "मॅडम, फोल्ड कर दीजिए." मागच्या एका काकूंनी भाचीला घेतलं म्हणून गाडी मिटली. सीट वेगळी निघाली, ती कर्मचाऱ्याने सांगाड्यावर नुसती आडवी टेकवली.

दारातून ही गाडी कुठे जाते, ते ठाऊक असलेलं बरं. मोठ्या विमानात बाकीचं सामान आधीच धातूच्या डब्यांत भरून चढवलेलं असतं आणि ते डबे प्रवासी चढेपर्यंत बंद झालेले असतात. शेवटच्या क्षणी आलेल्या वस्तू मागच्या बाजूच्या सुट्या सामानाच्या कप्प्यात जातात. कोणीतरी ती गाडी हाताने उचलून एरोब्रिजच्या बाजूच्या लोखंडी जिन्याने खाली नेतो आणि त्या कप्प्यात बाकी सुट्या सामानाच्या जागेत सारतो. देशांतर्गत मार्गांवरच्या लहान विमानांत तर बऱ्याचदा सगळंच सामान सुटं रचतात. गाडीवर कोणाची पेटी येईल, गाडी पट्ट्याने बांधली जाईल की नाही, हे त्या माणसाच्या हातात. 'दारात दिली म्हणजे जपून नेतील' ही समजूत इथे फोल ठरते. दारात दिल्याने गाडी आईजवळ जास्त वेळ राहते, एवढाच फायदा. प्रवास ती सामानासारखाच करते, आणि सामानापेक्षा नाजूक असते.

मधले साडेतीन तास

आखातात विमान टर्मिनलला लागलंच नाही, दूर उभं राहिलं. जिना, मग बस. जिन्याच्या पायथ्याशी चारपाच बाबागाड्या मांडलेल्या होत्या, त्यांत हिची नव्हती. तिथल्या माणसाने वहिनीच्या बोर्डिंग पासला चिकटवलेली टॅगची चिठ्ठी पाहिली आणि म्हणाला, "फायनल डेस्टिनेशन." बस सुटायच्या बेतात होती.

ज्या गाड्या मिळाल्या त्या तिथेच उतरणाऱ्यांच्या होत्या. पुढे जाणाऱ्यांच्या गाड्या थेट पुढच्या विमानाकडे पाठवायच्या, अशी तिथली व्यवस्था होती. विमानतळाच्या बाजूने पाहिलं तर त्याला कारण आहे: दोन विमानांमधल्या मर्यादित वेळेत गाडी वर आणायची, पुन्हा तपासायची, पुन्हा दुसऱ्या दारात घ्यायची, यात गाडी चुकण्याची शक्यता वाढते. त्यासाठीच सिंगापूरच्या चांगीसारख्या विमानतळांवर फुकट वापरायच्या बाबागाड्या ठेवलेल्या असतात. हे मला पटतं. पण ही व्यवस्था काउंटरवरच्या मुलीला माहीत नव्हती आणि वहिनीला कोणी सांगितली नाही, हे पटत नाही.

वहिनीकडे त्या वेळी होतं ते असं: झोपेतून उठून रडणारं बाळ, लंगोट-दुधाची पिशवी, लॅपटॉप, जाड जॅकेट. बाळाला पोटाशी बांधायचं कॅरिअर मोठ्या बॅगेत होतं, कारण गाडी आहेच तर कॅरिअर कशाला, असा घरातल्या सगळ्यांचा हिशेब होता. ट्रान्झिटमध्येही सुरक्षा तपासणी असते. तिथे बूट काढायला लावले. बाळाला एका हातावर तोलत दुसऱ्या हाताने बुटाचे बंद सोडले, असं ती सांगत होती. मग लांबच लांब कॉरिडॉर. बाळासाठी ठेवलेल्या गाड्या या टर्मिनलवरही होत्या, पण त्या तपासणीच्या पुढे, एका कोपऱ्यात. ते तिला सफाईचं काम करणाऱ्या एका मल्याळी माणसाने सांगितलं. "दीदी, उधर है, फ्री है," म्हणाला आणि आपली ढकलगाडी बाजूला लावून स्वतः जाऊन एक घेऊन आला. तोवर तास उलटून गेला होता आणि वहिनीच्या डाव्या मनगटात कळ येत होती. ती कळ पुढे कित्येक आठवडे राहिली. बाळंतपणानंतरच्या वर्षात बायकांच्या अंगठ्याच्या बाजूचे स्नायुबंध दुखरे होणं ही डॉक्टरांच्या रोजच्या पाहण्यातली तक्रार आहे. बाळ एका हातावर तोलून धरल्याने ती वाढते.

मला या प्रकरणातला सगळ्यांत गंभीर भाग हा वाटतो, आणि कायद्यात याची कुठेच नोंद होत नाही.

म्युनिकचा पट्टा

म्युनिकला पासपोर्ट तपासणी पार करून ती सामानाच्या पट्ट्यापाशी आली. बॅगा आल्या, गाडी नाही. जर्मनीत अवजड आणि वेड्यावाकड्या आकाराच्या सामानासाठी वेगळी जागा असते, पाटीवर 'श्पेरगेपेक' लिहिलेलं असतं. सांगाडा तिथे होता. सीट मात्र मघाच्याच पट्ट्यावर, सुटीच, टॅगविना, सगळ्यांत शेवटी आली. कोणी उचलून नेली असती तर ती कोणाची हे सिद्ध करायला काहीच नव्हतं.

वहिनीने सीट बसवली, भाचीला ठेवलं आणि बाहेर पडली. काचेपलीकडे दादा उभा होता. गाडी थोडी उजवीकडे ओढते आहे असं तिला वाटलं, पण त्या क्षणी कोण थांबणार? सामानाच्या तक्रारीची खिडकी कस्टम्सच्या आत असते आणि एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत जाणं अवघड असतं. त्यामुळे विमानतळावर लिहून घेतात तो तक्रारीचा अहवाल, ज्याला सगळे पीआयआर म्हणतात, तो झालाच नाही.

दुसऱ्या दिवशी दादाने गाडी उलटी केली. पुढचं उजवं चाक ज्या प्लास्टिकच्या भागात बसतं तो उभा तडकला होता. चाक फिरवलं की आत झुकायचं. बाळाला बसवून रस्त्यावर न्यावी अशी ती गाडी राहिली नव्हती. वरची छत्री काळ्या वंगणाने मळलेली होती. दादाने कंपनीला फोन केला, तिकडच्या माणसाने "नोंद घेतो" म्हटलं. दोनतीनदा फोन झाल्यावर दादाने मला सांगितलं. तो सहावा दिवस होता.

दावा

मुंबई-म्युनिक प्रवासाला विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवणारा १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू होतो. भारत २००९ मध्ये त्यात सामील झाला आणि १९७२ च्या कॅरेज बाय एअर कायद्यात तो आणला गेला. जर्मनीही त्यात आहे. कराराच्या १७ व्या कलमानुसार नोंदवलेलं सामान कंपनीच्या ताब्यात असताना मोडलं तर कंपनी जबाबदार आहे, तिची चूक दाखवून द्यावी लागत नाही. सामानातच मुळात दोष असेल तर तेवढ्यापुरती ती सुटते. ३१ वं कलम म्हणतं की नुकसानीची तक्रार सामान हाती आल्यापासून ७ दिवसांच्या आत, लेखी झाली पाहिजे. सामान उशिरा मिळालं असेल तर २१ दिवस. मुदत उलटली की कंपनीने लबाडी केली असेल तेवढं सोडून दावाच उभा राहत नाही.

म्हणजे फोनवरच्या 'नोंदी'ला काडीची किंमत नाही. मी दादाला त्याच संध्याकाळी बसवलं. कंपनीच्या संकेतस्थळावरचा फॉर्म भरला, त्याच्या पोचक्रमांकाचा फोटो घेतला, आणि तोच मजकूर ईमेलनेही पाठवला, म्हणजे तारीख दोन ठिकाणी राहिली. मजकूर छोटा ठेवला. तिकिटाचा क्रमांक, टॅगचा क्रमांक, कुठे दिली, कुठे मिळाली, काय मोडलं, एवढंच. भावना त्यात घातल्या नाहीत. वहिनीला ते थोडं लागलं. "माझ्या हातांचं काय झालं ते लिहायचं नाही का?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, "वहिनी, ते दुसऱ्या पत्रात लिहू, पण या पत्रात त्यांना उत्तर टाळायला जागाच सोडायची नाही."

पुरावे काय होते? सुदैवाने काउंटरवर चिकटवलेली टॅगची चिठ्ठी बोर्डिंग पासवर शाबूत होती. मुंबईत गेटपाशी वहिनीने आईला पाठवायला काढलेल्या फोटोत भाची गाडीत बसलेली आणि पुढची दोन्ही चाकं सरळ दिसत होती. फोटोवर वेळ होती. पीआयआर नसताना या फोटोनेच दावा तरला. ३१ व्या कलमात म्हटलंय की सामान तक्रारीशिवाय घेतलं तर ते चांगल्या स्थितीत मिळालं असं प्रथमदर्शनी मानलं जाईल. पण 'प्रथमदर्शनी' मानलेलं पुराव्याने खोडता येतं. दारात गाडी देण्याआधी तिचा एक फोटो काढणं इतकं साधं आहे आणि इतकं उपयोगी.

कंपनीचं पहिलं उत्तर ठरलेल्या साच्यातलं होतं: बाबागाडी 'मर्यादित जबाबदारी'च्या टॅगवर स्वीकारली होती आणि चाकं, दांडे अशा बाहेर आलेल्या भागांची जबाबदारी आम्ही घेत नाही. बहुतेक लोक इथे थांबतात, कारण टॅगमागे बारीक अक्षरात तसं छापलेलं असतंच. पण कराराचं २६ वं कलम सांगतं की कंपनीची जबाबदारी काढून टाकणारी किंवा करारात दिलेल्या मर्यादेपेक्षा कमी करणारी कोणतीही अट रद्दबातल आहे. टॅगमागची ओळ करारापेक्षा मोठी असू शकत नाही. चाक हा बाबागाडीचा बाहेर आलेला भाग आहे म्हणून तो मोडला तर आम्ही काय करणार, हे म्हणणं तर मुळातच लंगडं आहे. चाकं काढली तर बाबागाडी उरते कुठे?

या उत्तराला आम्ही एवढंच लिहिलं: 'गाडी आपल्या कर्मचाऱ्याने विमानाच्या दारात टॅगसह ताब्यात घेतली. त्या क्षणापासून ती नोंदवलेलं सामान आहे. गाडीत मूळ दोष असल्याचं आपण म्हटलेलं नाही. कलम २६ पाहता टॅगवरची अट लागू होत नाही. दुरुस्तीचं एस्टिमेट सोबत जोडलं आहे.'

भरपाईची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. रुपयांत ही मर्यादा दीड लाखाच्या वर जाते. देशांतर्गत प्रवासात ती फक्त २०,००० रुपये आहे, हेही पुणे-दिल्ली किंवा नागपूर-बंगळूर करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, कारण चांगल्या बाबागाडीची किंमत त्याच्यावर असू शकते. अर्थात मर्यादा म्हणजे तेवढे पैसे मिळतात असं नाही. मिळतं ते सिद्ध झालेलं नुकसान. आम्ही म्युनिकच्या दुकानातून चाकाच्या भागाचं आणि मजुरीचं एस्टिमेट घेतलं होतं. कंपनीने ते दिलं, छत्री धुण्याचा खर्च नाकारला. मी तिथे थांबायचा सल्ला दिला. तेवढ्या रकमेसाठी भांडत राहणं परवडणारं नव्हतं. कंपनीने नकारच दिला असता तर भारतात नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं एअरसेवा पोर्टल होतं, जर्मनीत प्रवाशांसाठी तडजोडीची यंत्रणा आहे, आणि न्यायालयात जायला करार २ वर्षं देतो. दोन वेगळ्या कंपन्यांची विमानं असती तर ३६ व्या कलमाखाली पहिली, शेवटची आणि ज्या टप्प्यात मोडतोड झाली ती, अशा तिघींकडे दावा लावता आला असता. इथे एकच कंपनी असल्याने तो घोळ टळला.

प्रवास विमा होता. त्यातून काही मिळालं नाही. आपल्याकडच्या बहुतेक प्रवास विम्यांत नोंदवलेलं सामान पूर्ण हरवलं किंवा उशिरा आलं तर भरपाई असते, मोडलं तर नसते. पॉलिसी घेताना हा शब्द वाचायचा असतो.

'केबिनमध्ये चालणारी' गाडी

पैसे मिळाल्यावर वहिनीने ठरवलं की पुढच्या वेळी छोटी गाडी घ्यायची. दुकानात आणि संकेतस्थळांवर 'केबिन-मंजूर' असं लिहिलेलं सर्रास दिसतं. कोणाची मंजुरी? विमान कंपन्यांची संघटना आयाटा हिने केबिन बॅगेसाठी ५६ बाय ४५ बाय २५ सेंटिमीटर हे माप सुचवलेलं आहे. ते मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही. प्रसिद्ध असलेली योयो ही बाबागाडी मिटल्यावर ५२ बाय ४४ बाय १८ होते, म्हणजे या मापात बसते. पण इंडिगोचं केबिन बॅगेचं माप ५५ बाय ३५ बाय २५ आहे. ४४ हा आकडा ३५ मध्ये बसत नाही. शिवाय अशा गाडीचं वजन सहा किलोंच्या पुढे जातं आणि केबिनची मर्यादा पुष्कळ ठिकाणी ७ किलो असते. जीबी पॉकिट ही गाडी मिटल्यावर ३५ बाय ३० बाय १८ एवढीच राहते, २०१४ मध्ये सगळ्यांत लहान मिटणारी बाबागाडी म्हणून तिची गिनेस नोंद झाली. ती कुठल्याही मापात बसते, पण तिची चाकं बारीक आहेत, आपल्या रस्त्यांवर ती चालवणं जिकिरीचं आहे.

माझ्या मते गाडी निवडताना मापाच्याही आधी एक गोष्ट बघावी: कडेवर बाळ घेऊन एका हाताने ती मिटते का. दुकानात बाळ कडेवर घेऊन मिटून बघावी, विक्रेत्याला मिटायला देऊ नये. आणि मिटल्यावर एकच वस्तू राहिली पाहिजे.

परतीचा प्रवास

ऑक्टोबरमध्ये वहिनी दिवाळीला आली. भाची आता चालू लागलेली, म्हणजे थकली की कडेवर आणि जरा झोप झाली की पळायला मोकळी. या वेळी गाडी सहा किलोंची, एका हाताने मिटणारी. कॅरिअर खांद्याच्या पिशवीत. तिकीट काढल्यावर तिने कंपनीला ईमेल करून दोन प्रश्न विचारले: गाडी केबिनमध्ये नेता येईल का, आणि नाही तर मधल्या थांब्याला ती कुठे मिळेल. त्याचं उत्तर छापून जवळ ठेवलं. 'मीट अँड असिस्ट' म्हणून जी मदत मिळते, तीही मागितली. आपल्या लोकांना ही मदत फक्त म्हाताऱ्या आईवडिलांसाठी असते असं वाटतं, पण बाळाला घेऊन एकट्या निघालेल्या आईलाही ती मागता येते. काही कंपन्या ती फुकट देतात, काही पैसे घेतात.

पहिल्या टप्प्यात गाडी डोक्यावरच्या कप्प्यात गेली आणि मधल्या विमानतळावर तिच्यासोबतच उतरली. दुसऱ्या विमानात कप्पे भरलेले होते, गाडी दारात द्यावी लागली. तिने पिशव्या काढल्या, फोटो काढला, आणि कर्मचाऱ्याला विचारलं, "मुंबईत दारात की पट्ट्यावर?" त्याने टॅग बघून सांगितलं, पट्ट्यावर. मुंबईत तिने कॅरिअर बांधलं, भाचीला पोटाशी घेतलं आणि इमिग्रेशनच्या रांगेत उभी राहिली. गाडी पट्ट्यावर आली. बाहेर पडण्याआधी तिने ती दोनदा पुढेमागे ढकलून पाहिली.

जे अजून मिळायचं आहे

चाकाचे पैसे मिळाले. मधल्या तासाभराचं काही मिळालं नाही आणि मिळणारही नव्हतं. सामानाला झालेल्या विलंबाचा विचार करार करतो, पण मधल्या थांब्यावर गाडी नसणं हा त्या अर्थाने विलंब धरला जात नाही, कारण ती ठरलेल्या ठिकाणी, म्युनिकला, त्याच विमानाने पोचली. २९ वं कलम दंडात्मक भरपाईचं दारही बंद करतं. म्हणून वहिनीच्या हातांबद्दलचं ते वेगळं पत्र आम्ही दावा म्हणून पाठवलं नाही, सूचना म्हणून पाठवलं. त्यात दोन मागण्या होत्या. गाडीला टॅग लावताना ती कुठे परत मिळेल ते प्रवाशाच्या चिठ्ठीवर शब्दांत छापा. आणि मध्ये देणार नसाल तर तिथल्या फुकट गाड्या विमानातून उतरतात तिथेच उभ्या करा, तपासणीच्या पुढे नाही. कंपनीचं उत्तर आलं, सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे.

आपल्याकडे हे करून घेता येईल असं मला वाटतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, कंपन्यांना सांगितलं की १२ वर्षांखालच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आई किंवा वडिलांशेजारी सीट द्या. त्याआधी सीट निवडायचे पैसे न भरलेल्या कुटुंबांत लहान मुलं वेगळ्या रांगेत बसल्याच्या तक्रारी होत होत्या, आणि एका सूचनेने तो प्रश्न नियमात आला. बाबागाडीच्या चिठ्ठीवर एक ओळ छापणं त्याहून सोपं आहे. भारतातून सुटणाऱ्या विमानांसाठी ती ओळ सक्तीची करणं डीजीसीएच्या अखत्यारीत येतं. त्यांना पाठवायच्या अर्जाचा मसुदा मी तयार केला आहे. त्यासोबत वहिनीच्या टॅगची चिठ्ठी, गेटवरचा फोटो आणि कंपनीची दोन्ही उत्तरं जोडते आहे.